जखमी माणसाचा हिशेब

(इंदिरानगर, नाशिक येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट नाशिककर विसरलेले नाहीत. यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी स्लीपर बस औरंगाबाद रस्त्यावर मिरची चौकात ट्रकवर आदळली, पेटली आणि १२ माणसे गेली. जखमींची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती. दुपार व्हायच्या आत मदतीच्या घोषणा झाल्या. मृतांच्या वारसांना राज्य सरकारकडून ५ लाख, पंतप्रधान निधीतून २ लाख, जखमींना ५० हजार. घोषणा झाल्या ते योग्यच झाले. पण ज्याची कातडी भाजली आहे, ज्याने जीव वाचवायला खिडकीतून उडी मारली आणि ज्याचा पाय मोडला, त्याला पुढची दोन वर्षे कामावर जाता येणार नाही. त्याचा हिशेब ५० हजारांत बसतो का? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो हिशेब मांडायचा कुणी?

सरकार देते ती सानुग्रह मदत. ती देणे-न देणे, किती देणे हे सरकारच्या हाती. मोटार वाहन कायद्याखाली मिळते ती नुकसानभरपाई. ती ज्याच्या गाडीने इजा केली त्याच्याकडून आणि त्याच्या विमा कंपनीकडून वसूल करण्याचा जखमीचा हक्क आहे. मदत घेतली म्हणून हक्क संपत नाही. हे दोन्ही एकच आहे असे समजून कितीतरी कुटुंबे मदतीचा धनादेश आला की फाइल बंद करतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. पहिला आकडा वर्तमानपत्रात येतो, भाषणात येतो. मी आज दुसऱ्या आकड्याबद्दल बोलणार आहे. मृत्यूच्या दाव्यात निदान एक गोष्ट वादातीत असते, माणूस गेला. जखमीच्या दाव्यात सगळेच वादात असते. किती लागले, किती बरे झाले, काम करता येते की नाही, खरोखर लंगडतो की कोर्टापुरता. तो साक्षीच्या पिंजऱ्यात जिवंत उभा असतो आणि उभा आहे म्हणूनच त्याचे नुकसान कमी दिसते.

हा विषय इंदिरानगरात मांडावा असे मला वाटले, त्याला कारण आहे. आपली वसाहत मुंबई-आग्रा महामार्गाला चिकटून वाढली. पलीकडे सिडको, लेखानगर, त्यापुढे अंबडची औद्योगिक वसाहत. मध्ये बोगदा. सकाळी शाळेच्या रिक्षा, पहिल्या पाळीचे कामगार, भाजीचे टेम्पो आणि जॉगिंग ट्रॅककडे निघालेले निवृत्त लोक एकाच अरुंद वाटेवर येतात. जानेवारी २०२५ मध्ये द्वारका उड्डाणपुलावर लोखंडी सळया भरलेल्या वाहनावर टेम्पो आदळला आणि सिडकोतली तरुण मुले गेली, ते आपल्या दारातले दुःख होते. आता सिंहस्थाची कामे शहरभर निघाली आहेत, डंपर आणि मिक्सर रात्रंदिवस धावतात. कायद्याचा हा भाग आपल्याला लागणार नाही असे इथे बसलेल्या कुणीही धरून चालू नये.

थोडा इतिहास सांगतो, कारण या हक्काच्या घडणीत महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. १८५५ च्या घातक अपघात कायद्याखाली मृताच्या वारसाला दावा करता येई. जखमीला मात्र साधा दिवाणी दावा लावावा लागे, त्यात कोर्ट फी भरावी लागे आणि निकालाची वाट पाहावी लागे. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापन करण्याची तरतूद झाली. मग प्रश्न उभा राहिला तो चुकीचा. ड्रायव्हरची चूक सिद्ध झाली नाही तर काय? मुंबईतल्या एका अपघातावरून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली मिनू मेहता प्रकरणात न्यायालयाने सांगितले की हलगर्जीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. तो निकाल अनेकांना कठोर वाटला. १९८२ साली संसदेने कायदा दुरुस्त करून चूक कुणाची हे न विचारता ठराविक रक्कम देण्याची सोय केली. मृत्यूला १५,००० रुपये, कायमच्या अपंगत्वाला ७,५००.

त्यानंतरचे प्रकरण सातारा जिल्ह्यातले आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे ३ वाजता पुणे-बंगळूर महामार्गावर कवठ्याजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्यापासून सुमारे २० फुटांवर जाऊन उलटला. पेट्रोल गळत राहिले. आसपासची माणसे जमली. सकाळी सव्वासातच्या सुमारास टँकरचा स्फोट झाला आणि जमलेली माणसे भाजली, काही दगावली. विमा कंपनीचे म्हणणे असे की टक्कर ३ वाजता झाली, चार तासांनी उभ्या टँकरला आग लागली, हा मोटारीच्या वापरातून झालेला अपघात नव्हेच. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हे म्हणणे फेटाळले. टँकर उलटणे, पेट्रोल गळणे आणि स्फोट ही एकच साखळी आहे, आणि हा कायदा ज्यांच्या रक्षणासाठी केला त्यांच्या बाजूने तो वाचला पाहिजे, अशी दिशा त्या निकालाने दिली. रस्त्यावरच्या गाडीशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशा खेडुतांना तिथे न्याय मिळाला. पुढचे किती तरी दावे त्या निकालाच्या आधाराने उभे राहिले आहेत.

आज लागू आहे तो १९८८ चा कायदा. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि तिचा भरपाईचा भाग १ एप्रिल २०२२ पासून अमलात आला. चूक न विचारता मिळणारी रक्कम आता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहे. हाड मोडले की कायद्याने ती गंभीर दुखापत, म्हणजे बरेच जखमी यात बसतात. मात्र इथे एक मोठा धोका आहे. हे अडीच लाख ठरलेल्या पद्धतीने स्वीकारले की न्यायाधिकरणातला पूर्ण भरपाईचा दावा संपतो. घरात पैशाची ओढ असते, हॉस्पिटलचे बिल डोक्यावर असते, अशा वेळी अडीच लाख फार मोठे वाटतात. ज्याचा मनगटाचा अस्थिभंग दोन महिन्यांत भरून येणार आहे त्याने ते जरूर घ्यावेत. ज्याच्या मांडीच्या हाडात रॉड आहे, ज्याच्या पाठीच्या कण्याला मार आहे, त्याने सही करण्याआधी वकिलाला कागद दाखवावा. विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि अल्प उत्पन्न गटातल्यांना तिथे वकील विनामूल्य मिळतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. जखमीची भरपाई मोजायची कशी?

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हट्टंगडी प्रकरणात याची एक चौकट आखून दिली. दावेदार मुंबईतले अनुभवी वकील होते, अपघातानंतर त्यांचा कमरेखालचा भाग लुळा पडला. न्यायालयाने सांगितले की पैशात मोजता येणारे नुकसान वेगळे आणि वेदना, आयुष्यातला हरवलेला आनंद, पुढच्या काळातली घुसमट हे वेगळे, आणि दोन्ही मोजलेच पाहिजेत. तरीही खालच्या पातळीवर सगळे अडत राहिले ते एका कागदावर, अपंगत्वाच्या दाखल्यावर. सिव्हिल हॉस्पिटलमधून दाखला आला ४० टक्के, की विमा कंपनी म्हणणार ४० टक्के पायाचे, सगळ्या शरीराचे नव्हे. दावेदार म्हणणार ४० म्हणजे ४०.

१८ ऑक्टोबर २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाने हा घोळ सोडवला. माझ्या मते जखमींच्या बाजूने गेल्या ४० वर्षांत झालेले हे सर्वांत मोलाचे काम आहे. न्यायालय म्हणते, शरीराचे अपंगत्व एक गोष्ट आणि कमाईच्या क्षमतेचे नुकसान दुसरी. डॉक्टर पहिली गोष्ट सांगतील. दुसरी न्यायाधीशाने ठरवायची, आणि ती ठरवताना तीन प्रश्न विचारायचे. हा माणूस अपघातापूर्वी काय काम करत होता? आता तो त्यातले काय करू शकतो आणि काय नाही? ते जमत नसेल तर दुसरे काही करून पोट भरू शकतो का? निकालातले उदाहरण आहे ते डाव्या हाताचे. तो हात तुटला तर अपंगत्व साधारण ६० टक्के धरतील. पण सुताराचा किंवा ड्रायव्हरचा हात गेला तर त्याची कमाई जवळजवळ १०० टक्के गेली, आणि सरकारी कार्यालयातल्या कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. तेव्हा मोजायचे ते माणसाचे काय बंद पडले हे. मोडलेल्या हाडाची टक्केवारी त्यातला फक्त एक पुरावा.

याचा फरक रुपयांत किती पडतो ते दाखवतो. समजा, अंबडच्या एखाद्या कारखान्यातला कंत्राटी मशीन ऑपरेटर आहे, वय ३२, महिन्याला १८,००० रुपये. वर्षाचे झाले २,१६,०००. प्रणय सेठी प्रकरणातला २०१७ चा निकाल सांगतो की कायम नोकरी नसलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. म्हणजे ३,०२,४००. मृत्यूच्या दाव्यात माणसाच्या स्वतःच्या खर्चापोटी काही भाग वजा होतो. जखमीच्या दाव्यात होत नाही, कारण तो जिवंत आहे, जेवतो आहे. सरला वर्मा प्रकरणातल्या २००९ च्या तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ वयाला गुणक १६. गुणाकार येतो ४८,३८,४००. आता याचे किती टक्के? विमा कंपनी म्हणाली पायाचे अपंगत्व ४५ टक्के, म्हणजे सगळ्या शरीराचे १५, तर भावी उत्पन्नाची भरपाई झाली ७,२५,७६०. आणि न्यायाधिकरणाला पटले की याचे काम आठ तास उभे राहण्याचे आहे, गुडघा वाकत नाही, सुपरवायझरने परत घेतले नाही, आता हा वॉचमनची नोकरी शोधतो आहे, म्हणून कमाईचे नुकसान ५० टक्के, तर झाले २४,१९,२००. एकाच माणसाच्या, एकाच गुडघ्याच्या हिशेबात जवळजवळ १७ लाखांचा फरक. हा फरक कायद्याच्या पुस्तकातून पडत नाही. कारखान्यातून आणलेल्या दोन ओळींच्या पत्रातून पडतो. काय काम होते, किती तास उभे राहावे लागे, परत का घेतले नाही, एवढे त्यात लिहिलेले असले तरी पुरते.

२०२० साली पप्पू देव यादव प्रकरणात एका विशीतल्या टायपिस्ट-डेटा एन्ट्री ऑपरेटरचा उजवा हात गेला होता. डॉक्टरांनी अपंगत्व ८९ टक्के लिहिले. उच्च न्यायालयाने ते निम्म्यावर आणून ४५ केले. सर्वोच्च न्यायालयाने विचारले, टायपिंग करणाऱ्याचा उजवा हात गेला म्हणजे काय गेले? आणि कमाईचे नुकसान ६५ टक्के धरले. जखमीच्या दाव्यातही भविष्यातली उत्पन्नवाढ धरलीच पाहिजे हेही त्याच निकालाने पक्के केले. तोवर काही ठिकाणी ती फक्त मृताच्या वारसांना मिळत होती, जणू जिवंत माणसाचा पगार वाढणारच नव्हता.

मला नेहमी विचारतात, पगाराची स्लिप नसेल तर? रथचक्र चौकात संध्याकाळी भाजी लावणाऱ्याकडे कुठली स्लिप? २०१४ च्या सय्यद सादिक प्रकरणातला दावेदार भाजीविक्रेताच होता, अपघातात त्याचा उजवा पाय कापावा लागला. न्यायालयाने सांगितले की भाजी विकणाऱ्याकडून उत्पन्नाचे कागद मागणे हेच वास्तवाला सोडून आहे, आणि वाजवी अंदाजाने उत्पन्न धरले. म्हणून कागद नाही म्हणून दावाच करायचा नाही असे होता कामा नये. तरी काही ना काही गोळा करावे. घाऊक बाजारातल्या आडत्याच्या पावत्या, बँकेचे पासबुक, यूपीआयवर रोज येणाऱ्या रकमांची यादी, फेरीवाल्याचे ओळखपत्र. अंदाज न्यायाधीशाने करायचा असला तरी त्याच्या हातात काहीतरी द्यावे लागते.

आता घरातल्या बाईबद्दल. गोविंदनगरहून मुलाला शाळेतून आणताना स्कूटीवरून पडलेली, खुबा मोडलेली बाई दाव्यात लिहून देते, व्यवसाय घरकाम, उत्पन्न निरंक. हे लिहून देणे मला सहन होत नाही. २००१ च्या लता वाधवा प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आले आहे की गृहिणीच्या कामाला मोल आहे. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात न्यायालयाने राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचा आधार घेतला. त्या सर्वेक्षणात घरकामात बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे भरला आणि पुरुषांचा ९७. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२० साली असा एक दावा उचलून धरला, ज्यात गृहिणीला उत्पन्न नव्हते म्हणून न्यायाधिकरणाने काहीच दिले नव्हते. हे निकाल बहुतेक मृत्यूच्या दाव्यांतले आहेत. पण तेच तत्त्व जखमी बाईला लावायला हवे. ती आता मांडी घालून बसू शकत नाही, दोन बादल्या उचलू शकत नाही, सासूला अंघोळ घालू शकत नाही. यातले प्रत्येक काम बाहेरून करून घ्यायचे तर महिन्याला काय लागते हे प्रतिज्ञापत्रात लिहावे. मोलकरणीला दिलेल्या पगाराची वही ठेवावी. आणि दिवसरात्र शेजारी बसून सेवा करणाऱ्या आईची, बहिणीची, नवऱ्याची सेवाही फुकट धरू नये. २०२० च्या काजल प्रकरणात, अपघाताने पूर्ण परावलंबी झालेल्या मुलीच्या सेवेसाठी न्यायालयाने दोन माणसांचा खर्च गुणक पद्धतीने आयुष्यभरासाठी धरला.

या वसाहतीत निवृत्त लोक पुष्कळ आहेत, म्हणून एक गोष्ट खास त्यांच्यासाठी. पासष्टीनंतर गुणक फक्त ५ राहतो आणि कमाई बहुधा पेन्शनची, जी अपघाताने बंद होत नाही. म्हणून वृद्ध जखमीचा दावा छोटा धरतात. माझ्या मते तिथे दाव्याचा भर औषधोपचार, सेवेकरी, फिजिओथेरपी, घरात बसवलेली कमोडची खुर्ची आणि हँडल, आणि आयुष्यातला गमावलेला आनंद यांवर हवा. रोज सकाळी ट्रॅकवर फिरणारा माणूस आता गॅलरीतच बसून असतो, याला कायद्यात स्वतंत्र शीर्षक आहे. ते रिकामे ठेवू नका.

मध्यमवर्गाचा दुसरा प्रश्न मेडिक्लेमचा. हॉस्पिटलचे बिल मेडिक्लेमने भरले, मग गाडीच्या विमा कंपनीकडून तेच बिल मागता येते का? वर्षानुवर्षे यावर उलटसुलट निकाल होते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने स्पष्ट केले की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करता येणार नाही. हप्ता आपण भरला, त्याचा फायदा इजा करणाऱ्याला का मिळावा? एस.टी. महामंडळाविरुद्धच्या हेलन रिबेलो प्रकरणात १९९८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याबद्दल असे म्हटले होते. तेव्हा बिलांच्या मूळ प्रती मेडिक्लेम कंपनीला देण्याआधी झेरॉक्स काढून त्यावर हॉस्पिटलचा शिक्का घ्यावा. हे साधे काम राहून गेले म्हणून लाखांची बिले शाबीत करताना दमछाक होते.

अपघाताच्या पहिल्या तासांत अर्थात यातले काहीच डोक्यात नसते, नसावेही. आधी माणूस वाचवायचा. ११२ ला फोन. मे २०२५ पासून रोखरहित उपचारांची योजना आहे, ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखांचा उपचार. आणून सोडणाऱ्या भल्या माणसाला पोलिसांनी अडवायचे नाही, नाव सांगण्याची सक्ती करायची नाही, हे आता कायद्यातच आहे. मात्र एक सांगतो. हॉस्पिटलात केस पेपरवर पडून लागले असे लिहिले जाते आणि दोन वर्षांनी विमा कंपनी तोच कागद पुढे करते, की गाडीने ठोकल्याचा उल्लेखच नाही. घाबरलेल्या नातेवाइकाने सांगितलेले एक वाक्य पुढे दावा बुडवू शकते. म्हणून दाखल करताना, कुठे, किती वाजता, कोणत्या गाडीने, हे स्पष्ट सांगावे आणि एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण अशी नोंद झाली की नाही ते विचारावे.

तिथून पुढे पोलिसांचे काम सुरू होते. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा, १० दिवसांत जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा छापील नमुना द्यायचा, आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल सादर करायचा. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सारे देशभर अमलात आणायला सांगितले. तो सविस्तर अहवाल हाच दावा-अर्ज म्हणून धरता येतो. इतकी चांगली व्यवस्था कागदावर आहे. आपल्यापैकी किती जखमींच्या हातात तो हक्कांचा नमुना पडला? इंदिरानगर असो की अंबड, पोलीस ठाण्यात जाऊन तो मागणे हा अगोचरपणा नाही. मागितल्याशिवाय तो रुजणार नाही.

याच टप्प्यावर मिटवामिटवी होते. समोरचा गाडीमालक ओळखीचा निघतो किंवा कुणी ओळखीचा मध्ये पडतो. ५० हजार घ्या, केस कशाला वाढवता, मुलगा तरुण आहे, लायसन्स जाईल. जखमीचे घरचेही माणुसकीने विरघळतात. माणुसकी असावी. पण तृतीय पक्ष विमा हा नेमका यासाठीच सक्तीचा केला आहे की गाडीमालकाच्या खिशाला हात न लावता जखमीला पुरेसे मिळावे. विमा चालू असेल आणि त्याच्या अटी मोडल्या नसतील, तर रीतसर केसने गाडीमालकाचे घर बुडत नाही, पैसे विमा कंपनी देते. खरा अडचणीचा प्रसंग विमा नसलेल्या गाडीचा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा घ्यावा लागतो, पुढे नूतनीकरण राहून जाते, आणि अशा गाडीने ठोकले तर हुकूमनामा मालकाच्या नावावर निघतो, तो वसूल करता करता जखमी थकतो. गाडी पळूनच गेली, नंबर मिळालाच नाही, तर प्रांत अधिकाऱ्याकडे अर्ज करून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. फार थोडे आहेत, पण तेही मागितले जात नाहीत.

मुदतीबद्दल माझे मत स्पष्ट सांगतो. १९९४ साली संसदेने दाव्याची मुदतच काढून टाकली होती, कारण गरीब, अशिक्षित जखमींचे दावे केवळ उशिराने मरत होते. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली. मांडीचे हाड मोडलेला माणूस सहा महिन्यांनी कुठे असतो? वॉकरवर. त्याचे अपंगत्व कायम किती राहणार हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. ही मुदत अन्यायाची आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. अंतिम निकाल काय लागेल यावर कुणी विसंबू नये. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा, दाखला नंतर येऊ द्या. आणि दावा अपघाताच्या ठिकाणीच लावावा लागतो असेही नाही. सोलापूरजवळ अपघात झाला आणि जखमी इंदिरानगरात राहतो, तर तो नाशिकच्या न्यायाधिकरणात दावा करू शकतो.

हेल्मेट नव्हते, लायसन्स नव्हते, तिघे बसले होते, आता काय मिळणार, असे स्वतःच ठरवून गप्प बसणारेही पुष्कळ. लायसन्स नसणे म्हणजे आपोआप हलगर्जीपणा नव्हे आणि तिघे बसले म्हणून आपोआप अपघाताला तेच जबाबदार ठरत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने अनुक्रमे २००८ आणि २०२० साली सांगितले आहे. त्या नियमभंगाने अपघात घडला का, एवढेच पाहायचे. हेल्मेट घालाच. नसले तरी दावा सोडू नका.

शेवटी एक विनंती सभागृहातल्या डॉक्टरांना आहे, विशेषतः अस्थिरोगतज्ज्ञांना. तुम्ही रात्री तीन वाजता उठून रुग्णाचा पाय वाचवता. तोच रुग्ण दोन वर्षांनी समन्स घेऊन येतो, तेव्हा कोर्टात यायला तुमचा जीव नको म्हणतो. ओपीडी बुडते, दिवसभर बसावे लागते, उलटतपासणीत नको ते ऐकावे लागते. हे सगळे खरे आहे आणि राजकुमार निकालात न्यायालयाने ते मान्यही केले आहे. डॉक्टरांचा वेळ मोलाचा आहे, त्यांना ठराविक वेळ द्यावी, योग्य मानधन द्यावे, गरज पडली तर आयुक्तामार्फत त्यांच्या रुग्णालयातच साक्ष नोंदवावी, असे त्यात सुचवले आहे. तुम्ही न आल्यावर काय होते तेही ऐका. दाखला देणारा वैद्यकीय मंडळाचा डॉक्टर रुग्णाला एकदाच, पंधरा मिनिटे पाहतो. तो टक्केवारी सांगू शकतो. हा माणूस जिना उतरताना कठडा का धरतो, दर थंडीत गुडघा का सुजतो, तीन वर्षांनी प्लेट काढावी लागेल आणि साठीला सांधा बदलावा लागेल, त्याला काय खर्च येईल, हे सांगणारा डॉक्टर एकच असतो, ज्याने शस्त्रक्रिया केली तो. तो आला नाही तर निकालपत्रात भावी उपचारांच्या रकान्यात शून्य पडते. डिस्चार्ज कार्डावर भावी शस्त्रक्रियेची दोन वाक्ये आजच लिहिलीत, आणि साक्षीसाठी एक सकाळ राखून ठेवलीत, तर त्या रकान्यात आकडा येईल. वकील संघाकडून कोर्टाला विनंती करून वैद्यकीय साक्षींसाठी आठवड्यातली एक ठराविक वेळ मागण्याची तयारी आमची आहे. त्यासाठी तुमच्यापैकी चार-पाच जणांनी आज कार्यक्रमानंतर थांबावे, तारखा इथेच ठरवू.